चित्र सगळेच शिकतात, आवाज कोण शिकणार?

तालुक्याच्या गावीही आता ‘व्हिडिओ एडिटिंग शिका’ असे फलक लागलेले दिसतात. मुलगा बारावी झाला की पालक चौकशीला जातात आणि फी किती, एवढेच विचारून परततात. कोर्स संपल्यावर मुलाच्या हातात स्वतः पूर्ण केलेले एखादे काम असेल काय, हे विचारायचे राहूनच जाते.

हे हुनर काम पूर्ण करता करताच येते. मालेगावचे उदाहरण आपल्यासमोर आहे. यंत्रमागाच्या या शहरात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकले आणि २००० मध्ये त्यांनी ‘मालेगाव के शोले’ तयार केला. ट्रॉली नव्हती, तर कॅमेरा सायकलीवर चढविला. या मंडळींच्या धडपडीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर प्रदर्शित झाला.

आज साधनांची तेवढी अडचण उरलेली नाही. कॅमेरा मोबाइलमध्येच आहे. संकलनासाठी ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती मिळते, ध्वनीसाठी ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य आहे. तरीही नवशिक्यांचे काम फसते, आणि बहुतेक वेळा ते आवाजात फसते. चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक पाहतो. बोलणे कळेनासे झाले की तो उठून जातो.

म्हणून आधी कान तयार करावा. मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. खोली घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगाव्यात. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झवर करावे. व्हिडिओसाठी तेच प्रमाण रूढ आहे. आवाजाची पातळी शून्य डेसिबलच्या बरीच खाली राहू द्यावी, कारण एकदा फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. प्रत्येक जागेची अर्धा मिनिट शांतताही मुद्रित करावी. संकलनात पडलेले खड्डे तिनेच बुजतात.

दुसरी गोष्ट संगीताच्या हक्काची. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. लग्नसमारंभात गाणे वाजविण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तेच गाणे व्हिडिओत जोडून इंटरनेटवर टाकणे या सवलतीत बसत नाही. तेथे असा व्हिडिओ अडविला जातो किंवा त्याची कमाई हक्कदाराकडे जाते. गिऱ्हाईक मात्र जाब आपल्यालाच विचारते. गावातील होतकरू गायक-वादकांकडून, लेखी करार करून आणि मोबदला देऊन, नवे संगीत करून घेतले तर ही कटकट राहत नाही आणि दोन घरांना काम मिळते.

तेव्हा फी भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेला तीन प्रश्न विचारावेत. ध्वनीचे स्वतंत्र शिक्षण आहे काय? हक्कांची माहिती देता काय? मुलाकडून एक तरी फिल्म पूर्ण करून घेता काय? उत्तर ‘नाही’ आले, तर पैसे खिशातच ठेवावेत. त्यातून एक बरा मायक्रोफोन घ्यावा आणि मुलाला गावातल्या एखाद्या कारागिरावर पाच मिनिटांची फिल्म करायला सांगावे. ती पुरी झाली की पहिले गिऱ्हाईक दाखविण्याजोगे काम त्याच्यापाशी असेल.