म्हैस नव्हे, गवाही नव्हे!

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. अमेरिकेतले लोक ज्याला 'बफेलो' म्हणतात, ती म्हैस नाही. आणि आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात दाजीपूरच्या जंगलात ज्याला कितीतरी जण 'बायसन' म्हणतात, तोही बायसन नाही, तो गवा! मग खरा बायसन भेटतो तरी कुठे?

त्याला भेटायला आज आपण बरंच लांब जाणार आहोत. अमेरिकेचा नकाशा काढा. मध्यावरून थोडं वर सरका. सापडलं साउथ डकोटा राज्य? त्याच्या पश्चिम टोकाला ब्लॅक हिल्स, म्हणजे काळे डोंगर आहेत. पाइनच्या दाट झाडीमुळे ते लांबून काळे दिसतात. याच डोंगरांच्या दक्षिण भागात कस्टर स्टेट पार्क आहे. विस्तार ७१ हजार एकर, म्हणजे सुमारे २८७ चौरस किलोमीटर. एका बाजूला उंच खडक आणि झाडी, दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर लाटांसारखा उंचसखल गवताळ माळ. या माळाला तिकडे 'प्रेअरी' म्हणतात.

उद्यानातून सुमारे २९ किलोमीटरचा एक वळसा घालणारा रस्ता जातो. त्यावरून कुणीही आपली गाडी घेऊन जावं. पण रस्ता सोडून आत शिरायचं, तर वाटाड्याबरोबर, त्याच्या उघड्या जीपमधून. कारण उघड आहे. जो तो मनाला येईल तशी गाडी माळावर घालू लागला, तर गवत उरेल का?

चला तर, बसा जीपमध्ये! टोपी घट्ट धरा. इथला वारा फार खोडकर. आणि हो, एसटीच्या शेवटच्या बाकावर बसायची सवय असेल तर बरंच! दगडगोट्यांवरून, ओढ्यातून, टेकाडावरून गाडी उसळत जाते आणि हाडं खिळखिळी होतात. पण वाटाड्याचं लक्ष चाकांपेक्षा क्षितिजावर असतं. आणि मग तो हळूच गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो.

समोर काळे ठिपके. नाही, ठिपके कसले, बायसनचा कळपच! मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो. खांद्यावर हे एवढं वशिंड, त्यापुढे दाढीवालं प्रचंड डोकं. हिवाळ्यात माळ बर्फाखाली जातो, तेव्हा हेच डोकं नांगरासारखं इकडून तिकडे फिरवून तो बर्फ बाजूला सारतो आणि खालचं गवत खातो. वशिंडात भरलेले स्नायू असतात ते त्याचसाठी. वासरं मात्र जन्मतात ती अगदी विटकरी रंगाची!

एवढं धूड बघून तुम्हांला वाटेल, हा कसला पळतोय! इथेच अनेक जण फसतात. बायसन ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावू शकतो. आपल्यातला कुणीही त्याच्यापुढे टिकणार नाही. म्हणून वाटाडे त्याच्या शेपटीकडे बघायला शिकवतात. शेपटी सैल लोंबतेय, तर स्वारी निवांत आहे. शेपटी ताठ उभी राहिली, तर समजावं, काहीतरी बिनसलंय. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर नियमच आहे, की बायसनपासून निदान २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर दूर राहायचं. तरीही फोटोच्या हौसेपायी जवळ जाणारे आणि शिंगांवर उडणारे महाभाग असतातच.

माळावर आणखी एक गंमत आहे. जिकडेतिकडे मातीचे उंचवटे, आणि प्रत्येकावर दोन पायांवर उभा राहून भुंकणारा एक चिमुकला पहारेकरी! याचं नाव प्रेअरी डॉग. पण हा कुत्रा नाही बरं का, खारीच्या कुळातला आहे. जमिनीखाली यांच्या बिळांची गावंच्या गावं असतात. रिकाम्या बिळांत घुबडांची एक जात संसार थाटते. ज्याला शेतकरी उपद्रवी म्हणतो, त्याच्या घरात असे कितीतरी भाडेकरू राहतात!

आणि ते पाहा, पांढऱ्या पोटाचे, हरणासारखे दिसणारे प्राँगहॉर्न. तेही हरीण नव्हेत. त्यांचं आजचं जवळचं नातं आहे चक्क जिराफाशी! ताशी ८५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने ते धावतात. आज अमेरिकेत त्यांना पळून गाठेल असा एकही शिकारी प्राणी नाही. मग एवढा वेग कशासाठी? अनेक शास्त्रज्ञांना वाटतं, की हजारो वर्षांपूर्वी तिथे चित्त्यासारखा एक चपळ शिकारी होता. तो नामशेष झाला, पण प्राँगहॉर्नच्या पायांतला वेग तेवढा उरला.

आता जरा गंभीर गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वी या खंडात बायसन कोटींच्या संख्येने होते. लाकोटा आणि इतर आदिवासी जमातींचं सगळं जगणंच त्यांच्यावर होतं. मांस खायला, कातडं तंबूला आणि पांघरायला, हाडं हत्यारांना. पुढे आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनीही, माळावर लाकूड नाही म्हणून, बायसनच्या वाळलेल्या शेणावर चुली पेटवल्या. आपल्या गोवऱ्याच की! पण १८७० नंतर रेल्वेने शिकारी आले, आणि कातड्यांसाठी बेसुमार कत्तल झाली. कारखान्यातल्या यंत्रांचे पट्टेसुद्धा त्या कातड्याचे होत. १८८० चं दशक संपता संपता हजारभरही बायसन शिल्लक राहिले नाहीत. काही पशुपालकांनी थोडी वासरं पकडून वाढवली म्हणून बीज टिकलं. अशाच एका, स्कॉटी फिलिप यांच्या कळपातले ३६ बायसन १९१४ साली इथे आणले. आज उन्हाळ्यात कळप हजाराच्या वर जातो.

आणि जमीन? १८६८ च्या तहात अमेरिकेच्या सरकारने लिहून दिलं होतं, की काळे डोंगर लाकोटांचेच राहतील. १८७४ मध्ये जॉर्ज कस्टर फौज घेऊन इथे आला, ओढ्याच्या रेतीत सोनं सापडलं, आणि तीन वर्षांत सरकारने जमीन काढून घेतली. ज्याच्या स्वारीमुळे ती गेली, त्याचंच नाव आज उद्यानाला आहे! १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लाकोटांना भरपाई द्यावी असा निकाल दिला. रक्कम दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त होती. पण लाकोटांनी ती घेतली नाही. ते म्हणाले, डोंगर विकायचे नव्हतेच. आम्हांला जमीन हवी. ते पैसे अजून पडून आहेत आणि व्याजाने एक अब्ज डॉलरच्या वर गेले आहेत.

दर वर्षी सप्टेंबरअखेर घोडेस्वार आणि जीपगाड्या मिळून सारा कळप हाकत कुंपणात आणतात. वासरांना लस टोचतात. त्या वर्षी पाऊस किती, गवत किती, हे पाहून माळाला पेलतील तेवढेच बायसन ठेवतात आणि बाकीचे लिलावात विकतात. काहींना हे पटत नाही. विकला जातो तो रानटी प्राणी कसला, असं ते म्हणतात. पण इथले लांडगे आणि अस्वलं माणसानेच संपवली. कळप आवरायला आता कुणी नाही. कुंपणाच्या आत गवत तेवढंच, मग तोंडं मोजावीच लागतात. तुम्हांला काय वाटतं?

शेवटी आपल्या माळाबद्दल. सोलापूरजवळचं नान्नज, अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी, हीसुद्धा गवताळ रानंच. रेहेकुरीत काळवीट दिसतात, पण नान्नजचा माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झालाय. कारण झाड नाही ती जमीन 'पडीक', असं आपण धरून चालतो. तिथे नांगर घाला, कारखाना काढा, नाहीतर खड्डे खणून झाडं लावा! पण गवत हेच ज्याचं घर, त्याने जायचं कुठे?

म्हणून या आठवड्याचं काम ऐका. जवळच्या माळावर जा. मेंढरं चारणाऱ्या काकांना किंवा घरच्या आजोबांना गवतांची नावं विचारा. पवना, मारवेल, कुसळ ही तीन मी सांगितली. आणखी पाच तुम्ही शोधा आणि वहीत एकेक काडी चिकटवून खाली नाव लिहा. पण बघा हं, नाव बरोबर असू द्या. म्हशीला बायसन म्हणू नका!