पुढच्या अ‍ॅक्सलचा हिशेब

कळंबोलीच्या लोखंड बाजारालगत किंवा वाशीच्या ट्रक टर्मिनलभोवती फेरफटका मारला, की रस्त्याच्या कडेला तोंड उचललेल्या मालमोटारी दिसतात. पुढची चाके काढलेली, चासी ठोकळ्यांवर टेकलेली आणि खाली मिस्त्री यू-बोल्ट सोडवत बसलेले. पुढचा अ‍ॅक्सल बदलण्याचे हे काम शहरी वाचकाला एखादी किरकोळ दुरुस्ती वाटेल. प्रत्यक्षात आपली मालवाहतूक कोणाच्या जिवावर स्वस्त राहते, याचा उलगडा इथेच होतो.

मालमोटारीचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे घडीव पोलादाची तुळई. तिच्या दोन्ही टोकांना किंग पिन, त्याभोवती वळणारी चाके आणि पाट्यांच्या आधारे तिच्यावर तोललेला गाडीचा पुढचा भार. उतारावर ब्रेक दाबला की मागच्या भाराचाही काही हिस्सा पुढे येतो. म्हणजे बोरघाट उतरताना ट्रकचालकाचा आणि त्याच्या पुढे चाललेल्या मोटारीतील कुटुंबाचा जीव या तुळईच्या भरवशावर असतो. जादा माल आणि खड्डे यांचा मारा सतत बसत राहिला की ती वाकते, पिळवटते. पिनेचे भोक सैल होते. टायर एका कडेने झिजू लागतो, गाडी एका बाजूला ओढते. हे सर्वांत आधी कळते ते चालकाला. पण निर्णय त्याच्या हाती नसतो.

योग्य उपाय एकच. तुळई नवी बसवायची, यू-बोल्ट, किंग पिन आणि बुश नवे घालायचे, बोल्ट ठरावीक ताणाने आवळायचे, चाकांचे अलाइनमेंट करायचे आणि काही अंतर धावल्यावर आवळणी पुन्हा तपासायची. परंतु यात पैसा जातो आणि गाडी उभी राहते. मग वाकलेली तुळई गॅसच्या ज्वाळेवर तापवून सरळ केली जाते किंवा भंगारातून जुनी आणून बसवली जाते. कारखान्यात उष्णताप्रक्रियेने पोलादाला दिलेले बळ ही ज्वाळा हिरावून घेते. वरून रंगाचा हात फिरला की डोळ्यांना काहीच दिसत नाही. पुण्यातील भारत फोर्जने घडवलेल्या अशा तुळया परदेशी मालमोटारींना बसतात. तेव्हा उणीव तंत्रज्ञानाची नव्हे.

मग उणीव कशाची? जादा भार भरण्याची मुभा दंडाच्या पावतीने विकत घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्येच बजावले होते. जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे सोडता कामा नये, हा त्याचा अर्थ. जुलै २०१८ मध्ये केंद्राने भारमर्यादाच वाढवली. दोन अ‍ॅक्सलच्या मालमोटारीचे मालासह एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले, तर चार टायरांच्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाहतूक स्वस्त होईल, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. मात्र कागदावरचा आकडा वाढल्याने आधीपासून धावणाऱ्या गाड्यांचे पोलाद जाड झाले नाही. रस्त्याचीही तीच गत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांवरून असा नियम मांडला गेला, की रस्त्याची हानी अ‍ॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. त्या हिशेबाने मागच्या अ‍ॅक्सलवरील पावणेतेरा टक्के वाढीव भार रस्त्याची सुमारे साठ टक्के अधिक झीज करतो. झिजलेला रस्ता खड्डे देतो आणि खड्डे अ‍ॅक्सल वाकवतात. हे चक्र असेच फिरत राहते.

सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि प्रत्येक वाढीव टनाला दोन हजार रुपये केला. गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती चालवायला लावणाराही त्यात दोषी ठरू शकतो. परंतु रस्त्यावर सापडतो तो चालकच. माल भरून देणारा व्यापारी वा कारखानदार गोदामात सुरक्षित असतो. एक-दोन गाड्यांच्या मालकाला भाड्याच्या घासाघिशीत जादा माल नाकारणे परवडत नाही, कारण बँकेचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी तो नव्या अ‍ॅक्सलऐवजी तापवून सरळ केलेला अ‍ॅक्सल निवडतो. त्याला केवळ बेफिकीर म्हणणे सोपे आहे. ते पुरेसे मात्र नाही.

आठ वर्षांपर्यंतच्या मालमोटारीला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही तपासणी नजरेवर न ठेवता यंत्रांवर सोपवण्याचे धोरण रास्तच आहे. त्याच्या जोडीला अ‍ॅक्सल बदलल्याची नोंद आणि नव्या सुट्या भागाचे बिल तपासणीच्या वेळी पाहिले जावे. वजनकाट्याची पावती मालाच्या कागदपत्रांना जोडली जावी आणि जादा भार आढळल्यास माल भरणाऱ्याचे नाव आधी विचारले जावे. यापैकी कशालाही नवा कायदा करण्याइतका खटाटोप लागत नाही, इच्छा लागते. तोवर स्वस्त वाहतुकीची किंमत कडेच्या गॅरेजात तापवलेले पोलाद आणि त्यावर बसलेला चालक मोजत राहील. आणि घाटात त्याच्या पुढे आपलीच मोटार असेल.