सुईची उत्तर दिशा सरकते आहे

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवते, एवढे आम्ही शाळेत पाठ केले. नेमकी कुठली उत्तर, हे गुरुजींनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वाचकहो, नकाशावरचा उत्तर ध्रुव वेगळा आणि सुईला ओढणारा चुंबकीय ध्रुव वेगळा. हा दुसरा एका जागी ठरतच नाही.

१८३१ साली जेम्स क्लार्क रॉस यांनी तो कॅनडाच्या उत्तरेस, बूथिया द्वीपकल्पावर गाठला. १९०४ मध्ये आमुंडसेन यांनी मोजमाप केले, तर तो हललेला! १९९० नंतर तर तो वर्षाला ५० किलोमीटरच्या आसपास वेगाने सायबेरियाकडे निघाला. सुमारे २९०० किलोमीटर खाली वितळलेले लोखंड घुसळते आहे. त्यात कॅनडाखालचा चुंबकीय जोर ओसरला, म्हणून सायबेरियाखालचा वरचढ ठरला, असे शास्त्रज्ञ मानतात.

कचेरीत आम्ही दरमहा शिल्लक जुळवतो. जहाजे, विमाने आणि मोबाईलमधले होकायंत्र ज्यावर चालते, तो चुंबकीय आराखडा पाच वर्षांनी जुळवतात. पण आर्क्टिकमधली चूक इतकी वाढली, की २०१९ मध्ये तो मुदतीआधीच दुरुस्त करावा लागला. आता ध्रुवाचा वेग ३५ किलोमीटरवर आला आहे. डिसेंबर २०२४ च्या आराखड्याची मुदत २०२९ अखेरपर्यंतच.