पूर्वजांना बोलावताना

एका राज्यात भाजी आणि मिठाई एकाच भावाने विकली जाते. तिथे भिंत पडून एक बकरी मरते. दोष कोणाचा, याचा शोध घेता घेता फाशीची शिक्षा होते कोतवालाला! पण फास त्याच्या मानेला सैल पडतो, म्हणून एखादा जाडजूड माणूस धरून आणतात. शेवटी गुरूच्या युक्तीला भुलून राजा स्वतःच फासावर चढतो. ही 'अंधेर नगरी' भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८८१ मध्ये काशीत लिहिली. लोककथेतल्या त्या राज्यात लोकांनी कोणाचे राज्य पाहिले, हे सांगायला नकोच.

उघड बोलण्याची सोय नव्हती. १८७६ मध्येच इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला होता. म्हणून नाटककारांनी जुन्या कथांचा आडोसा घेतला. महाराष्ट्राला हे नवे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०७ च्या 'कीचकवधा'त द्रौपदीचा छळ पाहताना प्रेक्षकांना लॉर्ड कर्झनचा कारभार आठवे. सरकारनेही तो अर्थ ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

पण परक्याला दोष देऊन ही नाटके थांबली नाहीत. 'अंधेर नगरी'त फासासाठी धरलेला तो जाडजूड माणूस म्हणजे गोवर्धनदास हा शिष्य. गुरूने बजावूनही स्वस्त मिठाईच्या लोभाने तो त्या नगरीत राहिलेला असतो. भारतेंदूंच्या 'भारत दुर्दशा'त तर आळस, मदिरा आणि रोग हीच पात्रे होऊन रंगमंचावर येतात.

पुढे काशीतच जयशंकर प्रसादांनी ही वाट रुंद केली. 'सुंघनी साहू' म्हणून ओळखले जाणारे त्यांचे घराणे तपकिरीच्या व्यापारातले. त्यांचे 'स्कंदगुप्त' १९२८ मध्ये आले, तेव्हा देशात सायमन कमिशनविरुद्ध निदर्शने चालली होती. नाटकात हूण दाराशी आले आहेत आणि राजवाड्यात सावत्र आई अनंतदेवी आपल्या मुलाच्या गादीसाठी कट रचते आहे. भटार्क हा सेनानीच फितूर होतो. १९३३ च्या 'ध्रुवस्वामिनी'त राजा रामगुप्त जीव वाचवण्यासाठी आपली राणीच शकराजाला द्यायला तयार होतो. गुप्तकाळाचे वैभव रंगवणाऱ्या प्रसादांनी त्याच काळातली लाचारी झाकली नाही.

आफ्रिकेतही स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हाच प्रश्न उभा राहिला. १ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. त्या सोहळ्याच्या निमित्ताने सव्वीस वर्षांच्या वोले सोयिंका यांनी 'अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स' हे नाटक रंगमंचावर आणले. योरुबा लोकांचे देव त्यात वावरतात; लोखंडाचा देव ओगुनही येतो. माणसे आपल्या उत्सवासाठी थोर पूर्वजांना आमंत्रण देतात. येतात मात्र दोन दुःखी मृतात्मे. एक सैनिक, ज्याने अन्यायाचे युद्ध लढायला नकार दिला म्हणून त्याच्याच राजाच्या दरबाराने त्याला गुलाम म्हणून विकले, आणि दुसरी त्याची गरोदर बायको. असे पाहुणे कोणालाच नको असतात!

आनंदाच्या दिवशी हे ऐकवायला धैर्य लागते. गुलामांच्या व्यापारात आपलेही हात होते, उद्याही होऊ शकतील, असेच सोयिंका स्वतंत्र झालेल्या देशबांधवांना सांगत होते. १९८६ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी लेखक.

काशीत पिशाचमोचन कुंडावर अकाली गेलेल्यांसाठी त्रिपिंडी श्राद्ध करतात. ज्यांचे नाव अभिमानाने घेतो, तेवढ्याच पूर्वजांची आठवण ठेवून भागत नाही. अतृप्त गेलेल्यांनाही पान वाढावे लागते, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. घराला जे कळते, ते राष्ट्रालाही कळावे, एवढ्यासाठीच या नाटककारांनी जुन्या कथा पुन्हा सांगितल्या.