मोड घासण्याआधी जरा पाहा

मैत्रिणींनो, भांडे लखलखीत झाले की आपल्या जिवाला बरे वाटते. पण या हौसेपायी माझ्या हातून एक चूक घडली. तुमच्याकडून तरी ती होऊ नये, म्हणून सांगते.

आमच्या वन्सं काही वर्षे लंडनला होत्या. परतताना बटव्यात उरलेली तिकडची मोड त्यांनी आमच्या मुलांना खेळायला दिली. दिवाळीच्या साफसफाईत ती मला सापडली, पार काळवंडलेली. देवाच्या उपकरणांबरोबर तीही मी चिंच आणि राखेने खसाखसा घासून काढली! संध्याकाळी पुतण्या आला. त्याला नाण्यांचा भारी नाद. एक सातकोनी नाणे उजेडात धरून तो म्हणाला, "काकू, हे काय करून ठेवलंस!"

ते ५० पेन्सचे नाणे होते. त्यावर उंच मनोरा, त्याला वेढलेली वेल आणि १७५९ व २००९ ही साले. लंडनच्या क्यू उद्यानाला अडीचशे वर्षे झाली म्हणून ते काढले होते, आणि पाडले होते फक्त २ लाख १० हजार. तिकडे हौशी लोक त्याला शंभर-दीडशे पौंड देतात. पण ओरखडे पडलेल्या नाण्याला तो भाव येत नाही. माझ्या राखेचे ओरखडे भिंगातून मला स्वच्छ दिसले.

मग मी पुतण्याकडून सगळे समजून घेतले. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली. त्याआधी पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाला २४० पेन्स होत. आता झाले शंभर. आपल्याकडे १९५७ साली आणे जाऊन 'नये पैसे' आले, तसेच तिकडच्या नाण्यांवर 'न्यू पेन्स' आले. १९८२ पासून त्यातला 'न्यू' गेला. नाणे जुने म्हणजे मोलाचे, असे मात्र नाही बरं का! १९७१ ची २ पेन्सची नाणी १४५ कोटींवर पाडली गेली. त्यांना कोण विचारतो? भाव येतो तो कमी पाडलेल्या नाण्याला, नाहीतर टाकसाळीच्या चुकीला.

घरात कुणी तिकडून आणलेली मोड असेल, तर एवढे पाहा :

१. ५० पेन्स : क्यूचा मनोरा आणि साल २००९. (२०१९ साल असलेले नाणे नंतर संग्राहकांसाठी काढलेले आहे, ते वेगळे.) सामन मासा असलेले २०२३ चे नाणे तर त्याहून कमी, फक्त २ लाख पाडले गेले.

२. २० पेन्स : कुठल्याच बाजूला साल नसेल तर जपून ठेवा. २००८ मध्ये नक्षी बदलली आणि साल मागून राणीच्या बाजूला आले. काही नाण्यांना नवी मागची आणि जुनी पुढची बाजू लागली, अन् साल गायबच झाले!

३. २ पेन्स : १९८३ साल असूनही 'न्यू पेन्स' लिहिलेले. संग्राहकांच्या संचांतली ही थोडीच नाणी चुकीची निघाली. त्यांना शेकडो पौंड मिळतात.

नाणे कडेने धरावे. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर काही लावू नये. १९९२ पासूनची १ आणि २ पेन्सची नाणी आतून पोलादाची असून वर नुसता तांब्याचा मुलामा असतो. लोहचुंबकाला ती चटकन चिकटतात. अशी नाणी घासली तर मुलामाच जायचा. सुक्या कागदी पाकिटात वेगवेगळी ठेवावीत, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत.

आणि एक. "तुमच्या नाण्याचे लाख रुपये देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा," असा फोन आला तर सरळ खाली ठेवा. जुन्या नाण्यांच्या नावाखाली शुल्क नि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये बजावले आहे. ज्याला खरेच विकत घ्यायचे आहे, तो आपल्याकडे पैसे कशाला मागेल?

वन्सं भाऊबीजेला आल्या तेव्हा मी ते नाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि सगळे खरे सांगून टाकले. त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, "अगं, मी तर ते पोरांना गोट्यांसारखं खेळायला दिलं होतं!"