विश्लेषण : न्यूट्रॉनसाठी टंगस्टनचे फिरते चाक कशाला?

जाड धातूत क्ष-किरण खोलवर शिरू शकत नाहीत, न्यूट्रॉन शिरतात. त्यामुळे यंत्राच्या भागांतील छुपा ताण किंवा बॅटरीतील लिथियमची हालचाल तपासता येते. भारतात हे संशोधन मुख्यतः तुर्भे येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीवर चालते.

नवा मार्ग कोणता?
स्वीडनमधील लुंड येथे युरोपीय देश अणुभट्टीविना न्यूट्रॉन स्रोत उभारत आहेत. त्वरकातून आलेले प्रोटॉन टंगस्टनवर आदळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे घडते ते ठिकाण म्हणजे लक्ष्य केंद्र.

अडचण काय?
सेकंदाला प्रोटॉनचे १४ झोत, पूर्ण क्षमतेला ५ मेगावॉट शक्ती. एकाच जागी मारा झाला तर धातू टिकणार नाही. म्हणून अडीच मीटरहून मोठे चाक फिरते ठेवले आहे. प्रत्येक झोत चाकाच्या वेगळ्या भागावर पडतो. उष्णता हेलियम वायू वाहून नेतो.

भारतासाठी महत्त्व का?
‘सायरस’ २०१० अखेरीस बंद झाली. १९८५ पासूनच्या ‘ध्रुव’वर रुग्णालयांसाठीच्या समस्थानिकांचाही भार आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात अशा स्रोतासाठी त्वरकाचे तंत्रज्ञान विकसित होत आहे. मात्र नुसत्या त्वरकातून न्यूट्रॉन मिळत नाहीत. मारा सोसणारे लक्ष्य केंद्रही तितक्याच तयारीने उभे करावे लागेल.