पुरावा कोठे आहे?

मुसफ्फाच्या दवाखान्यात झोप येत नाही म्हणून एक मराठवाडी कामगार आमच्याकडे आला. गावी त्याच्या भावाचे मूल तापाने दगावले होते. वृद्ध चुलतीनेच करणी केली असा गावात बोभाटा झाला होता आणि मांत्रिकासाठी याच्याकडे पैसे मागितले जात होते. ताप कसला होता, रक्त तपासले होते काय, असे आम्ही विचारले. त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

विज्ञान आले आणि युरोपातील चेटकिणींचा छळ थांबला, असे आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. आम्हां डॉक्टरांना हे सुखावणारे असले तरी अर्धेच खरे आहे. सुमारे 1450 ते 1750 या काळात तेथे चाळीस ते साठ हजार माणसांना या आरोपाखाली देहान्त शासन झाले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या स्त्रियांपैकी अनेक जणी मनाने आजारी आहेत, असे योहान वायर या डॉक्टराने 1563 मध्येच लिहिले होते. तरीही सर्वांत भीषण हत्यासत्रे त्यानंतरच घडली.

ती ओसरली ती मुख्यतः वरिष्ठ न्यायासनांनी पुरावा मागितल्यामुळे. स्पेनमध्ये सालाझार या धर्मन्यायाधीशाने शेकडो कबुलीजबाब तपासले, त्यांत तथ्य आढळले नाही आणि 1614 मध्ये कडक नियम झाले. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने 1624 मध्ये अशा खटल्यांत अपील अनिवार्य केले. यातना दिल्यास कोणीही काहीही कबूल करतो, हे जर्मन धर्मगुरू फ्रीड्रिख श्पे यांनी 1631 मध्ये दाखवून दिले. यांपैकी कित्येकांची सैतानावरील श्रद्धा ढळली नव्हती. आरोप सिद्ध होत नाही, एवढे त्यांना उमगले होते.

ब्रिटनने 1736 मध्ये चेटकाचा गुन्हा रद्द केला. तरीही 1751 मध्ये ट्रिंग गावाजवळ जमावाने रूथ ऑस्बोर्न या वृद्धेला पाण्यात बुडवून मारले. परंतु या वेळी फासावर चढला तो जमावाचा म्होरक्या.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली. त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबरात कायदा संमत झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद असून गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. तरीही ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना जमावाने बांधून मारहाण केली. हक्कांचे खरे रक्षण समाजाची नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते, असे बाबासाहेबांनी 1943 मध्ये पुण्यातील रानडे व्याख्यानात बजावले होते. ती बुद्धी जागी होईपर्यंत मात्र त्या चुलतीला कायद्याचाच आधार आहे, आणि कायदा सहसा तक्रारीवाचून हलत नाही.

बंधू-भगिनींनो, गावच्या दडपणापासून दूर असलेल्या न्यायासनांनी तेथे जे केले, ते काही अंशी आपणही करू शकतो. ज्याच्या पैशावर घर चालते त्याचा शब्द घरात ऐकला जातो. गावाहून असा फोन आला तर प्रथम पुरावा विचारावा, मांत्रिकासाठी एक दिरहमही पाठवू नये आणि जिच्यावर आळ आला आहे तिच्यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवण्यास आप्तांना सांगावे.

आमच्या रुग्णाने पैसे पाठवले नाहीत. चुलतीच्या अंगाला हात लागला तर तक्रार करीन, असे त्याने भावाला कळवले. भाऊ अद्याप त्याच्याशी बोलत नाही. चुलती मात्र स्वतःच्या घरात सुखरूप आहे.

जय भीम!